नाझरसाहेबांचा उजवा कान

किशनराव नाझर तुमच्याशी बोलताना कानातला बोळा काढतात की नाही, यावरून आमच्या गल्लीत माणसाची पत ठरत असे. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, त्यांना खसाच्या अत्तराचा वास, आणि चेहऱ्यावर आत्ताच कुणाचा तरी अर्ज नामंजूर करून आल्याचा भाव. समोरचा बोलू लागला की ते आधी त्याच्या ओठांकडं पाहत. मजकूर बरा वाटला तर उजव्या कानातला बोळा अर्धा ओढत. डॉक्टरांसाठी आणि पोस्टमनसाठी तो पूर्ण निघे. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे, म्हणून मला अर्ध्या बोळ्याचा मान होता. नगरसेवक बबनभाऊंसाठी तो बोटानं आणखी आत ढकलला जाई, आणि तोही त्यांच्या देखत.

डावा बोळा मात्र कुणासाठीच निघत नसे, कारण त्या बाजूला ऐकणारं कुणी उरलंच नव्हतं. डावा कान त्यांच्या मेहुण्याच्या वरातीत गेला. मानाचे जावई म्हणून त्यांना घोड्यापुढं चालवलं होतं, आणि मान करायचा म्हणूनच त्यांच्या पायाशी सुतळी बॉम्ब लावला होता. किशनराव खाली बसले, ते उठल्यावर सगळं जग एका बाजूनं बंद झालेलं. सासरची मंडळी म्हणाली, शुभकार्यात थोडं इकडंतिकडं व्हायचंच. नंतर पत्नी वारली, मूलबाळ नव्हतंच, आणि मेहुण्यानं त्या लग्नाची कॅसेट मात्र आठवणीनं पाठवून दिली. तिच्यात बॉम्ब अगदी स्वच्छ ऐकू येतो, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं.

डॉक्टरांनी उजवा कान तपासून सांगितलं होतं, "थोडा शिल्लक आहे, पण नाजूक आहे. मोठ्या आवाजापासून जपा. आतल्या बारीक तंतूंचं एकदा गेलं की गेलं, त्याला औषध नाही." किशनराव तहसिलीतून नाझर म्हणून निवृत्त झालेले. कचेरीतल्या सरकारी चीजवस्तू सांभाळणं हे नाझराचं काम. 'शिल्लक आहे' हे दोन शब्द त्यांनी शासनाचा आदेश समजून घेतले आणि आयुष्यभर तिजोरी राखली तसा तो कान राखायला घेतला.

"डोळ्याला पापणी हाय, तोंडाला व्हट हायेत," ते सांगत. "कानाला दार लावायचं देवाच्या हातून राहून गेलं, सर. आता ते आपलं आपन लावायचं."

रिक्षात बसण्याआधी ते टेपचा आवाज बंद करायला लावत, आणि बंद केल्यावर एक मिनिट रस्त्यावर उभं राहून खात्री करून घेत. शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला की बाहेर येऊन त्या घराच्या दिशेनं हात जोडत. दिवाळीचा आठवडा ते दौलताबादला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात काढत, तिथं घुबडं आहेत पण ती सभ्य आहेत म्हणून.

लग्नात त्यांची वेगळीच तऱ्हा. आमच्याकडं जुन्या रिवाजानं पाहुण्यांना अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया देतात, तो लोक कानाच्या पाळीत खोचतात. हे काम किशनराव आपणहून अंगावर घेत. गल्लीच्या लोकांना वाटे, काय ही जुनी तहजीब! प्रत्यक्षात ते लहान पोरं आणि म्हातारी माणसं हेरून त्यांच्या कानात फाया थेट आत बसवत, बँड सुरू व्हायच्या आत. शहागंजचे अत्तरवाले हमीदभाई त्यांना पुन्हा पुन्हा समजावत, "साब, ये कान के उप्पर रखने का है. कान बंद करने का नै."

"हौ हमीदभाई," किशनराव म्हणत, "लेकिन बंद किया तो बी खुशबू तो आतीच है ना?"

घरात त्यांच्याखेरीज एकच माणूस होतं, धाकटी बहीण ताराबाई. ती मुकी आहे, असं सगळी गल्ली धरून चाले. मीही इतक्या वर्षांत तिचा एक शब्द ऐकला नव्हता. दुपारी जेवणं झाली की दोघं ओट्यावर बसत. किशनराव उजव्या कानातला बोळा पूर्ण काढून डबीत ठेवत आणि डोकं तिच्याकडं झुकवत. तिचे ओठ हलत. लोक म्हणत, जप करते. पण जप ऐकून कुणी मांडीवर थाप मारून हसत नाही, आणि किशनराव हसत. फक्त तेव्हाच हसत.

आता घंटेची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं.

गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं छोटं देऊळ आहे. पितळी घंटा अशी की तिचा एक टोल दिला तर माणसाला आपली सगळी पापं आठवावीत. येणारा प्रत्येक जण उडी मारून टोल देई. तरुण मंडळी तर केवळ उडीसाठी येत. किशनराव शनिवारी दर्शनाला जात, तेही कानावर तळवे दाबून. एका शनिवारी दुपारी देवळात कुणी नाही असं पाहून ते पायरीवर चढले आणि घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळून आले. फडकं लाल होतं, कारण घरात दप्तर बांधायचं जुनं लाल कापडच सापडलं.

कुणी नाही असं नव्हतं. समोरच्या दुकानातल्या बाईनं पाहिलं. निवृत्त नाझर, नेमाचा माणूस, शनिवार, लाल कापड, घंटा. तिनं जे समजायचं ते समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपलंही एक फडकं त्यावर बांधलं. तिचा मुलगा त्या वर्षी बारावी पास झाला. तो अभ्यास करून पास झाला असेल ही शक्यता घरात कुणाला रास्त वाटली नाही.

महिन्याभरात लोलक दुधीभोपळ्याएवढा झाला. कुणी नोकरीसाठी, कुणी मुलगा व्हावा म्हणून, कुणी कोर्टातल्या तारखेसाठी फडकं बांधून जाई. घंटा आता 'ठण्ण' ऐवजी 'भप्प' म्हणू लागली. ते दिवस किशनरावांच्या आयुष्यातले सुखाचे होते. सकाळी ओट्यावर उभं राहून ते तो 'भप्प' ऐकत आणि डोळे मिटून मान डोलवत. त्यांच्याइतका भाविक माणूस गल्लीत नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पण बांधलेला नवस फेडावाही लागतो, आणि नवस फेडायला मुकाट्यानं कुणी येत नाही. पहिला फेडणारा फुलंब्रीहून बँड घेऊन आला. दुसरा त्याच्याहून मोठा बँड घेऊन आला, कारण पहिल्याला फक्त मोटारसायकल मिळाली होती, याला मुलगा झाला होता. नारळांच्या गाड्या लागल्या. किशनराव देवळाच्या पायरीवर उभे राहून लोकांना सांगू लागले, "अहो, नवस नव्हता तो! आवाज होऊ नाय म्हनून बांधलं होतं मी!"

लोक त्यांच्या पाया पडत. "केवढा विनय!" म्हणत. पुजाऱ्यानं तर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, तुम्ही काय केलंय ते तुम्हाला नाय कळायचं. मोठी मानसं अशीच असतात."

यानंतर बबनभाऊ येणार हे ओघानंच आलं. जिथं चार माणसं हात जोडून उभी राहतात, तिथं पाचवे बबनभाऊ असतात. फरक एवढाच की त्यांचं तोंड लोकांकडं असतं. त्यांनी ट्रस्ट काढला, पाटी लावली, आणि हनुमान जयंतीला डीजेची भिंत आणली. ती भिंत म्हणजे ट्रकवर रचलेले कपाटाएवढे कर्णे. पहिल्या वर्षी ती थेट आमच्या गल्लीत उभी राहिली. खिडक्यांच्या काचा सकाळपासून दात वाजवत होत्या. माझ्या कपाटातले ग्रंथ एकेक करून पुढं सरकत आले. वर्षानुवर्षं त्यांना कुणी एवढं हलवलं नव्हतं. किशनरावांनी तो दिवस आतल्या खोलीत, डोक्याभोवती गोधडी गुंडाळून काढला. नंतर त्यांनी व्यवस्थित, मुद्देसूद तक्रारअर्ज लिहिला. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जात शेवटी आवश्यक कार्यवाहीसाठी बबनभाऊंकडंच आला.

पुढच्या जयंतीच्या आधी बबनभाऊ तो अर्ज खिशात घालूनच ओट्यावर आले. मी तिथंच बसलो होतो.

"काका, टेन्शन नका घेऊ," ते म्हणाले. "यंदा भिंत गल्लीत येनार नाय. मैदानावर ठेवू. माझा शब्द. पन तुमचा सत्कार करायचा ठरलाय, तेवढं नाय म्हनू नका. नवसाची सुरुवात तुम्ही केली, अन् तुम्हीच स्टेजवर नाय, लोक काय म्हनतील?"

किशनरावांनी बराच वेळ त्यांच्या ओठांकडं पाहिलं. मग, मी पहिल्यांदाच पाहत होतो, बबनभाऊंसाठी उजवा बोळा पूर्ण काढला.

"गल्लीत नाय? पक्कं?"

"मारुतीची आन."

"मंग येतो."

बबनभाऊ गेल्यावर मी म्हणालो, "नाझरसाहेब, कशाला त्या तमाशात जाता? वास्तविक पाहता..." एवढ्यात खिडकीआड ताराबाईचे खांदे हलताना दिसले. किशनरावही हसू दाबत होते.

"काय झालं?"

"काय नाय, सर. चष्मा पुसून तुम्ही 'वास्तविक पाहता' म्हनता ना, त्याची तारा लई भारी नक्कल करती. आता चष्मा काढला तुम्ही, म्हनून हसली ती."

"त्या बोलतात?"

"बोलती म्हंजे? समद्या गल्लीच्या चुगल्या करती. बबनभाऊ चालताना पोट आधी येतं अन् मागून बबनभाऊ, हे तिचंच. पुजाऱ्याची बायको, तुमची मंडळी, कुनाला सोडत नाय. पन अशी बोलती," त्यांनी दोन बोटं ओठांजवळ नेली, "मुंगी चालल्यावानी. आवाज म्हनून नायच. नुसता वारा. माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं तर येतं ऐकू. दुसऱ्या कुनाला नाय येत, अन् दुसरं कुनी एवढं जवळ बसलंबी नाय."

मग त्यांनी सांगितलं. फार सांगायचं नव्हतं त्यांना, पण बोळा बाहेर होता.

"आमचं गाव फुलंब्रीच्या अलीकडं. गडबडीचं साल. मी दहा-अकराचा असंन, तारा पाच-सहाची. रझाकार येनार अशी हूल उठली. शेजारी चांदभाई मुलाणी, त्याच्या घरात जमिनीखाली जवारी साठवायचं पेव होतं. त्यानं आम्हाला पेवात उतरवलं, वर फरशी टाकली अन् फरशीवर बकरी बांधली. बापानं ताराला सांगितलं, आवाज काढला तर समदे मरतील. गुनाची पोर. नाय काढला."

"मग?"

"मंग फौज आली. पोलीस ॲक्शन. आता लोक मुसलमानांच्या घरांवर चालून जायला लागले. आम्ही वर आलो, अन् आठवडा नाय झाला तर चांदभाईची लेकरं खाली. त्याच पेवात. ह्या बारीला फरशीवर आमची म्हैस. वाचले समदे, सर. दोन्ही घरं वाचली. लई धावपळ होती. 'आता बोल' असं ताराला सांगायचं कुनाच्या ध्यानातच राहिलं नाय."

मी या कालखंडावर तासच्या तास बोललो आहे. त्या ओट्यावर मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"लग्न करून दिलं तर सासरच्यांनी मुकी दिली म्हनून आनून सोडली," ते म्हणाले. "भांडलोबी नाय मी. म्हनलं, बरं झालं." त्यांनी बोळा पुन्हा अत्तरात बुडवला, पिळला आणि कानात बसवला. संभाषण संपलं.

म्हणजे गल्लीतली सगळ्यात हजरजबाबी बाई आमच्या शेजारी राहत होती आणि तिला श्रोता एकच होता. त्याचाही कान अर्धाच.

जयंतीच्या दिवशी मी किशनरावांबरोबर मैदानावर गेलो. बबनभाऊंनी शब्द पाळला होता. भिंत गल्लीत नव्हती. ती स्टेजच्या मागं होती, पडद्याआड, सत्कारमूर्तींच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर. शब्दाला जागणारा माणूस.

फेटेवाल्यानं किशनरावांचं डोकं हातात घेतलं आणि म्हणाला, "काका, हे कापूस काढा. फेटा बसत नाय नीट, अन् फोटोत दिसतंय."

"राहू द्या ते."

"अहो काका," बबनभाऊंचा एक कार्यकर्ता हसत म्हणाला, "कापूस घालायला अजून वेळ हाय. अन् तो नाकात घालतात!"

सगळे हसले. चांगला विनोद होता. असले विनोद करणाऱ्यांना पुढं तिकीट मिळतं. हसता हसताच त्यानं दोन्ही बोळे काढून पडद्यामागं फेकले. किशनराव खुर्चीवरून अर्धवट उठले. मी खालून हातानं खुणावलं, या निघून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बबनभाऊंकडं पाहिलं आणि पुन्हा खाली बसले. करार झाला होता. उठून गेले असते तर भिंत संध्याकाळी गल्लीत आली असती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

निवेदक ओरडला, "नवसाच्या प्रथेचे आद्य प्रवर्तक, माननीय किशनराव नाझर!" बबनभाऊंनी त्यांना उठवून शाल खांद्यावर टाकली आणि त्याच क्षणी भिंत सुरू झाली. तो आवाज ऐकू आला असं म्हणता येणार नाही. तो छातीवर आदळला. पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडत असल्याचं फक्त दिसत होतं.

किशनरावांनी दोन्ही हात फेट्यावरून उजव्या कानावर दाबले, मान खाली घातली.

"बघा!" निवेदक गर्जला. "काका देवापुढं कान धरून उभे हायेत! ही खरी भक्ती! समद्यांनी कान धरा!"

मैदानभर लोकांनी कान धरले. पाळ्याच धरल्या, भोकं उघडीच होती.

त्यानंतर भाषणं झाली. बबनभाऊंचं तर खूपच लांबलं. किशनराव ते शेवटपर्यंत शांतपणे, जराही कपाळाला आठी न घालता ऐकत राहिले. ते पाहून मला काही ठीक वाटलं नाही. परतताना ते रस्त्याच्या मधोमध चालत होते आणि मागून रिक्षावाला हॉर्न दाबून धरून होता. मी हाताला धरून त्यांना कडेला घेतलं. त्यांनी आधी रिक्षाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं, आणि फेटा काढून काखेत मारला.

डॉक्टरांनी सांगायचं ते एका कागदावर लिहून सांगितलं. कानाचं यंत्र घेतलं. ते लावून किशनराव दोन दिवस हिंडले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर काढून ठेवलं.

"रिक्षा येती ऐकू," ते म्हणाले. आवाज नको इतका मोठा झाला होता त्यांचा, त्यांना कळत नव्हतं. "मिक्सर येतो. भोंगा येतो. आपल्याला नको ते समदं येतं, सर. ती येत नाय." मग माझा हात घट्ट धरला. "तिला सांगू नका."

बबनभाऊंनी जयंतीच्याच संध्याकाळी मिरवणुकीसाठी भिंत गल्लीतूनच नेली होती. मैदानाला दुसरा रस्ता नव्हता म्हणे.

दुपारची बैठक मोडली नाही. जेवणं झाली की दोघं ओट्यावर येत. कापसाची आता गरज नव्हती. ताराबाई त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेई, ओठ हलू लागत, आणि किशनराव डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिचा चेहरा वाचत मधून मधून "असं?" म्हणत. मधून मधून मांडीवर थापही मारत. मी पेपर तोंडासमोर धरून बसे आणि एक ओळही वाचत नसे.

उन्हाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. किशनराव ओट्यावर पाठमोरे बसून तांदूळ निवडत होते. ताराबाई दारात आली. तिचे ओठ हलले. ते निवडत राहिले. तिनं पुन्हा काहीतरी म्हटलं, थोडं पुढं येऊन. त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

आणि मग ती ओरडली.

"दादा! च्या निवतोय!"

तो आवाज साठीच्या बाईचा नव्हता. कधीच न वापरलेला, कोरा, उंच आवाज, मधेच चिरकलेला. समोरच्या दुकानातल्या बाईच्या हातातलं माप तसंच राहिलं. देवळाच्या पायरीवरचा पुजारी वळून पाहू लागला. माझी बायको आतून बाहेर आली. मुकी म्हणून जिची गल्लीनं कीव केली, तिचा शब्द सगळ्या गल्लीनं ऐकला. किशनराव तांदूळ निवडत होते.

त्यांना कळलं ते माझ्या चेहऱ्यावरून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दुकानाकडं, मग पुजाऱ्याकडं, आणि हळूच मागं वळले. ताराबाई दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. तोंड अजून उघडंच होतं, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. एवढ्या वर्षांनी आवाज काढला आणि आता काय होणार, या भीतीनं ती रस्त्याकडं पाहत होती.

"ओरडू नको, तारा," किशनराव म्हणाले. "मला येतंय ऐकू."

त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि शेजारी जागा केली. ती येऊन बसली. त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. ओठ हलू लागले. किशनराव तिच्या डोळ्यांकडं पाहत होते. एका ठिकाणी ते मोठ्यानं हसले.

ती थांबली. हसण्यासारखं तिनं काही म्हटलं नसावं. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग तीही हसली.